निधान, भांडार आणि काशी

विपुल साठा किंवा उगमस्थान या अर्थाने मराठीत भांडार, कोठार, खजिना, कोश, निधी, निधान, ठेवा, खाण, आगर हे शब्द एका ओळीत मांडण्याची प्रथा आहे. शालेय व्याकरणापुरती ती चालून जाते. समीक्षेच्या भाषेचे मात्र तिने बरेच नुकसान केले आहे. एखाद्या कवीस ‘प्रतिमांचे भांडार’ म्हणणे आणि ‘प्रतिमांची खाण’ म्हणणे ही एकच स्तुती नव्हे. भांडार कोणीतरी बाहेरून आणून भरावे लागते, त्याला भांडारी लागतो, कुलूप लागते. खाण कोणी भरलेली नसते. ती खणावी लागते आणि खणता खणता एक दिवस संपते. आगराची गोष्ट आणखी निराळी. मिठागर असो की माडापोफळींचे आगर, ते वर्षानुवर्षे देत राहते, परंतु त्यात राबणारा माणूस असेल तरच. अमरकोशानेही खनि व आकर यांना शैलवर्गात, तर निधी व शेवधि यांना स्वर्गवर्गात, कुबेराच्या परिवारात बसविले आहे. भूमीतून निघणारे धन आणि राखून ठेवलेले धन यांची गल्लत तेथे झालेली नाही.

काशीविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात ही गल्लत विशेष जाणवते. ‘विद्येचे भांडार’, ‘विद्येची खाण’, ‘विद्येचे माहेरघर’ ही विशेषणे काशीला सरसकट लावली जातात. (माहेरघर हा खास मराठी शब्द, त्यात साठ्याची नव्हे, परतून येण्याची कल्पना आहे, आणि काशीहून परतण्याची इच्छा न धरता तेथे जाणाऱ्यांची संख्या पाहता तो तेथे फारसा शोभत नाही.) वस्तुतः काशीशी निगडित असा नेमका शब्द इतिहासानेच पुरविला आहे. सतराव्या शतकात गोदातीरावरून जाऊन वाराणसीत स्थायिक झालेले संन्यासी कवींद्राचार्य सरस्वती यांना शाहजहानाकडून ‘सर्वविद्यानिधान’ ही पदवी मिळाली. काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवरील कर त्यांच्या रदबदलीने उठला, आणि कृतज्ञ पंडितांनी त्यांच्यावर रचलेल्या प्रशस्ती ‘कवींद्रचंद्रोदय’ या संग्रहात एकत्र आल्या. हा संग्रह 1939 साली पुण्याहून प्रसिद्ध झाला.

निधान म्हणजे ज्यात काही ‘ठेवले’ जाते ते. कवींद्राचार्यांच्या बाबतीत ही उपाधी शब्दशः खरी होती, कारण त्यांचा ग्रंथसंग्रह मोठा होता. फ्रेंच प्रवासी बर्निये याने काशीतील एका प्रमुख पंडिताकडे पुस्तकांनी भरलेले दालन पाहिल्याचे नमूद केले आहे. हा पंडित म्हणजे कवींद्राचार्यच, असे प्रतिपादन प. कृ. गोडे यांनी केले. या संग्रहाची सूची 1921 साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापली गेली. आज अभ्यासकाच्या हाती सूची सहज येते, संग्रह नव्हे. कवींद्राचार्यांच्या स्वामित्वाची नोंद मिरविणाऱ्या पोथ्या बिकानेरच्या अनूप संस्कृत ग्रंथालयासारख्या ठिकाणी विखुरलेल्या सापडतात. निधानाचे हे स्वाभाविक भवितव्यच म्हणावे लागेल. ठेवणारा गेला की ठेवलेले पांगते. शिवाय कवींद्राचार्यांची ज्ञात ग्रंथरचना संस्कृत आणि ब्रजभाषेतील आहे. गोदातीरावरून आलेल्या या विद्वानाच्या निधानातून मराठीच्या पदरात थेट असे काही पडले नाही, ही गोष्ट मराठी अभ्यासकाने नजरेआड करू नये.

त्याच काशीत सुमारे शंभर वर्षे आधी वेगळे घडले होते. पैठणचे एकनाथ भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका अपुरी असताना तेथे गेले आणि शके 1495, म्हणजे इ. स. 1573 च्या कार्तिकी पौर्णिमेस त्यांनी ती वाराणसीत पूर्ण केली. 31 अध्याय आणि 18,000 हून अधिक ओव्या. प्राकृतात भागवत आणल्याबद्दल काशीच्या पंडितांनी घेतलेल्या आक्षेपाच्या आख्यायिका प्रसिद्ध आहेत. त्यांतील तपशील बाजूला ठेवले तरी भाषेचा प्रश्न खरा होता, कारण ग्रंथात स्वतः एकनाथांनीच प्राकृताची बाजू आवेशाने मांडली आहे. एकनाथांसमोर मूळ संस्कृत भागवत होते, श्रीधरस्वामींची टीका होती. तेवढे भांडारातले. परंतु ओवी, तिच्यातील घरगुती दृष्टांत, श्रोत्याशी चाललेले संभाषण हे कोणत्याही भांडारात मिळण्यासारखे नव्हते. ते गोदेकाठच्या बोलीतून पिकवावे लागले. या कामाला आगर हाच शब्द लागू पडतो. ‘एकनाथांनी संस्कृतचा खजिना मराठीत खुला केला’ हे पाठ्यपुस्तकी वाक्य म्हणूनच अपुरे आहे. खजिना खुला करणारा केवळ किल्ली फिरवितो.

एकनाथांना ठेवण्याचे मोल कळत नव्हते असे मात्र नाही. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 च्या सुमारास, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत शिरलेले अपपाठ दूर करून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी तीत स्वतःची ओवी घालू नये अशी ताकीद दिली. या दुसऱ्या कामासाठी भांडार, खाण, आगर यांपैकी एकही शब्द चालणार नाही. येथे ‘ठेवा’च म्हटले पाहिजे, कारण ठेव दुसऱ्याची असते, आणि ती जशीच्या तशी परत करायची असते.