एकाच संसाराची दोन चरित्रे

पर्ल बक या अमेरिकन लेखिकेचे नाव आपल्या वाचकांस बहुधा ‘द गुड अर्थ’ या कादंबरीमुळे परिचित असते. परंतु १९३८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते केवळ चिनी शेतकऱ्याच्या जीवनचित्रणासाठी नव्हे. त्यांनी लिहिलेल्या चरित्रांचाही त्या प्रसंगी मुद्दाम गौरव झाला होता. ही चरित्रे त्यांच्या स्वतःच्या मातापित्यांची आहेत. आईचे ते ‘द एग्झाइल’, म्हणजे परागंदा झालेली स्त्री. आणि वडिलांचे ते ‘फायटिंग एंजल’, म्हणजे लढवय्या देवदूत. दोन्ही १९३६ साली प्रसिद्ध झाली. दोहोंत घर एकच, माणसे तीच; आणि तरीही एक मिटून दुसरे उघडावे तो आपण निराळ्याच घरात आलो की काय, असा भास होतो. हा भास कशाने होतो, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

चरित्रांतील कॅरी व अँड्र्यू म्हणजेच कॅरोलाइन आणि अ‍ॅब्सलम सायडनस्ट्रिकर. १८८० साली विवाह होताच हे दांपत्य प्रेस्बिटेरियन पंथाचे मिशनरी म्हणून चीनला गेले, आणि अधूनमधून मायदेशी केलेल्या फेऱ्या सोडल्या तर दोघांचेही उर्वरित आयुष्य तेथेच सरले. त्यांना सात अपत्ये झाली; त्यांपैकी चार बालपणीच दगावली.

‘द एग्झाइल’ हे पुस्तक आईच्या मृत्यूनंतर, म्हणजे १९२१ नंतर लवकरच, घरच्या माणसांसाठी म्हणून लिहिले गेले आणि पुष्कळ वर्षे तसेच पडून राहिले. त्यातील दुःख ओले आहे. यांगत्से नदीकाठच्या परक्या शहरात अमेरिकेतील फुलांची बाग लावून बसलेली ती स्त्री वाचकाच्या मनातून सहसा जात नाही. एकामागून एक मुले मातीआड करूनही तिने घरातील गाणे थांबू दिले नाही. नवरा महिनेच्या महिने गावोगाव उपदेश करीत हिंडे. घर, आजार, मरण हे सारे तिच्या वाट्याचे. वाचता वाचता आपण मनाशी निकाल देऊन मोकळे होतो की, या निष्ठुर पुरुषाने आपल्या देवापुढे आपल्या बायकोचा बळी दिला.

पण हा निकाल फार स्वस्त आहे, आणि त्याला बाध आणणारा पुरावा त्याच पुस्तकात आहे. चीनला जाण्याचा संकल्प कॅरीचा स्वतःचा होता. आईच्या मृत्युशय्येपाशी तिने देवाकडे खूण मागितली होती आणि आयुष्य त्याला वाहण्याचे ठरविले होते. पुढे जन्मभर तिला हवी तशी खूण मिळाली नाही. नवऱ्याला देव सदैव सन्निध असे. तिला मात्र तो शोधावा लागे. एकाच छपराखाली एकाची श्रद्धा तुडुंब आणि दुसऱ्याची तहानलेली, हे त्या संसाराचे खरे शल्य होय. लेखिकेने ते दाखविले आहे, परंतु मातृप्रेमाच्या भरात ती त्यापाशी थांबली नाही. या पुस्तकात अँड्र्यू ही केवळ दारातून आत येणारी आणि बाहेर जाणारी छाया राहिली आहे.

‘फायटिंग एंजल’मध्ये त्या छायेला देह मिळाला. येथे कन्येने बापाला क्षमाही केली नाही आणि आरोपीच्या पिंजऱ्यातही उभे केले नाही. १९०० साली बॉक्सरांच्या बंडात बायकामुलांना शांघायला धाडून मागे राहणारा, लोकांचे दगड आणि शिव्या खाऊनही पुढच्या गावाची वाट धरणारा हा पुरुष निःसंशय शूर आहे. तो नव्या कराराचे चिनी भाषेत भाषांतर करतो. त्याच्या छपाईचा खर्च घरखर्चातून निघतो, आणि मुलांच्या साध्यासुध्या हौशी त्यात बुडतात. आपण काही हिरावून घेत आहो, हे त्याच्या गावीही नसते. स्त्रीने पुरुषाच्या आज्ञेत राहावे, हे सेंट पॉलचे वचन त्याला प्रमाण. मग बायकोच्या मनात काय चालले आहे हे पाहण्याचे कारण उरतेच कोठे?

या ग्रंथातील एक तपशील मला सर्वांत भयंकर वाटतो. उतारवयात अँड्र्यूने आत्मवृत्त लिहिले. त्याची अवघी पंचवीसेक पाने झाली. त्यात विवाहाचा उल्लेख एकदा आहे. मुलांची यादी एकदा आहे. आणि त्या यादीत, पाच वर्षांचा होऊन वारलेला, आईचा अत्यंत लाडका मुलगा चक्क राहून गेला आहे. लेखिका हे सांगते आणि पुढे जाते. पहिल्या पुस्तकातील साऱ्या अश्रूंनी जे साधले नाही, ते या कोरड्या नोंदीने साधले आहे.

हा फरक पडला कसा? दोन पुस्तकांच्या लेखनात सुमारे पंधरा वर्षांचे अंतर आहे. पर्ल बक स्वतः १९१७ साली मिशनच्या एका शेतीतज्ज्ञाशी विवाहबद्ध झाल्या होत्या. तो विवाह १९३५ साली मोडला. परदेशी मिशनांच्या कार्यावर त्यांनी १९३२ साली उघड टीका केली व पुढल्याच वर्षी मिशनचा राजीनामा दिला. वृद्ध पित्याची अखेरची वर्षेही, १९३१ साली तो वारला तोपर्यंत, बव्हंशी त्यांच्याच सहवासात गेली. श्रद्धा, संसार आणि त्यांची फारकत हे सारे सोसून झाल्यावर त्या बापाकडे वळल्या; म्हणूनच त्याची थोरवी कबूल करण्याचे धैर्य त्यांना आले. आणि थोरवी कबूल केल्यामुळेच घराला बसलेल्या झळीचे खरे मोजमाप झाले.

एका बाबतीत मात्र माझा मतभेद आहे. असा पुरुष हा त्या काळाच्या प्रखर धर्मश्रद्धेचे अपत्य होता, असे लेखिका सुचविते. ते बरेचसे खरेही आहे. परंतु काळ हा कोणाला आपल्या मुलाचे नाव विसरावयास लावीत नाही. तो विसर ज्याचा त्याचाच.

येथे मराठी वाचकाला ‘स्मृतिचित्रे’ आठवल्यावाचून राहणार नाहीत. तेथेही धर्मवेडा, घरादाराची पर्वा नसलेला पती आहे; पण लक्ष्मीबाई टिळकांनी आपली हकीकत आपणच सांगितली, आणि हसत सांगितली. कॅरीला ते भाग्य लाभले नाही. तिच्या वतीने लेकीला दोनदा लिहावे लागले.

असो. हे दोन्ही ग्रंथ अवश्य वाचावेत, आणि लिहिले गेले त्याच क्रमाने वाचावेत. पहिला मिटताच न्याय झाला असे समजून कोणी थांबू नये. थोर कार्याला वाहून घेतलेल्या माणसांची चरित्रे आपल्याकडेही पुष्कळ लिहिली जातात. त्यांच्या घरच्या यादीतून कोणाचे नाव राहून गेले, हे पाहण्याची सवय या वाचनाने लागली, तरी पुष्कळ झाले.