लाडक्या गाण्यातला हट्ट

कोल्हापुरात भवानी मंडपाजवळच्या जुन्या राजाराम कॉलेजात एके काळी मराठीतली दोन लोकप्रिय नावं शिकवायला होती. तत्त्वज्ञानाला कादंबरीकार ना. सी. फडके होते, आणि १९२८ पासून तिथे कवी माधवराव पटवर्धन, म्हणजेच माधव जूलियन, आले. दोघांचाही जन्म १८९४चा. फडक्यांच्या कादंबऱ्या आज वाचनालयात फारसं कुणी मागत नाही. माधव जूलियनांची ‘प्रेमस्वरूप आई’ मात्र लता मंगेशकरांच्या आवाजात घरोघरी पोचली. पण त्या गोडव्यापायी कविता नीट ऐकायची राहून गेली, असं मला वाटतं.

मातृदिनाला ती आईचं गुणगान म्हणून लावतात. खरं तर ती आई नसलेल्याची कविता आहे, आणि बोलणारा लहान मूल नाही. विद्या, पैसा, मान सगळं मिळवलेला हा बाप्या माणूस आहे. आपली कुठे आबाळ झाली नाही, हे तो स्वतःच कबूल करतो. आईचा चेहरासुद्धा त्याला आठवत नाही. तरी जीव हटून बसलेला!

माधव जूलियनांच्याच रविकिरण मंडळातल्या कवी यशवंतांची ‘आई’ याच आनंदकंद वृत्तात आहे. तिथे चिमणी पिलांना भरवते, गाई वासरांना चाटतात आणि ते पाहून पोरकेपण दाटून येतं. माधव जूलियन अशी दृश्यं मांडत बसत नाहीत, ते थेट आईशीच भांडतात. पतीच्या सहवासाच्या ओढीनं गेलेल्या आईला ते निष्ठुर ठरवतात. पुराणात गोकुळ सोडतो तो कृष्ण, मागे झुरते ती यशोदा. इथे यशोदाच निघून गेली आहे आणि कान्हा भुकेला मागे राहिला आहे. ही उलटापालट इतकी सहज होते, की गाताना लक्षातही येत नाही.

वृत्ताची चालही पाहा. गागालगा लगागा, असं दोनदा. इक्बालांचं ‘सारे जहाँ से अच्छा’ याच मापाचं. फारसी-मराठी कोश करणारा आणि पुढे भाषाशुद्धीचा कैवार घेणारा हा कवी इथे फारसी चालीत संस्कृत शब्द भरतो. काही समास जडच आहेत, ते मान्य. वृत्त गझलेचं असलं तरी ही गझल नाही. यमक दर द्विपदीला बदलतं. गझलेचं वृत्त वेगळं आणि गझल वेगळी, हे सुरेश भटांनी पुढे बजावून सांगितलं. पण इथे गझल नसणं पथ्यावरच पडलंय. एकच तक्रार पायरी-पायरीनं वाढवत न्यायची, तर गझलेसारखं दर द्विपदीला त्याच शब्दावर परतणं अडचणीचं झालं असतं.

शेवटी तो आईला नुसतं परत ये म्हणत नाही. तू पुन्हा जन्म घे, मीही तुझ्याच पोटी येईन, म्हणतो. प्रौढ विद्वानाच्या तोंडी असलं मागणं सहज हास्यास्पद झालं असतं. तसं होत नाही, कारण आपल्याला कशाची ददात नाही हे त्यानं आधीच सांगून टाकलेलं असतं.