रेणूंची चित्रे : दाखवलेले आणि वगळलेले

मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा टाकायचा, थोड्या वेळाने त्यावर तांबूस थर दिसतो आणि द्रावणाचा निळा रंग फिका होत जातो. हा प्रयोग आपल्या परिचयाचा आहे, त्याचे समीकरणही विद्यार्थ्यांना पाठ असते. एका शिक्षक शिबिरात आम्ही एवढेच विचारले : या द्रावणाचा थेंब कोट्यवधी पटींनी मोठा करून पाहता आला तर काय दिसेल, ते काढा. बहुतेक कागदांवर तांबे आणि सल्फेट यांच्या जोड्या होत्या. लोखंडाचा गोळा येऊन तांब्याला बाजूला सारत होता आणि सल्फेटचा हात धरत होता. पाणी जवळजवळ कोणीच काढले नव्हते. आम्हाला याचे नवल वाटले नाही. आमच्या विद्यार्थिदशेतील वहीतही हेच चित्र निघाले असते.

ब्रिटिश रसायन-शिक्षणतज्ज्ञ अ‍ॅलेक्स जॉन्स्टन यांनी 1991 साली या अडचणीचे मर्म सांगितले. रसायनशास्त्र तीन पातळ्यांवर चालते : डोळ्यांना दिसणारी घटना, न दिसणारे अणुरेणू आणि कागदावरची चिन्हे. जाणकार या तिन्हींमध्ये सहज ये-जा करतो, नवशिक्याची मात्र दमछाक होते. त्याआधी 1987 मध्ये अमेरिकेत नुरेनबर्न आणि पिकरिंग यांना असे आढळले होते की, वायूंच्या नियमांवरची गणिते सोडवणारे अनेक विद्यार्थी त्याच वायूच्या कणांचे योग्य चित्र ओळखू शकत नाहीत. म्हणजे गुण मिळतात, पण आकलन होतेच असे नाही.

यावर उपाय म्हणून चित्रे आली आणि आता तर पडद्यावर हलणारी चित्रेही सहज मिळतात. आमची तक्रार चित्रांबद्दल नाही, ती तपासून न घेण्याबद्दल आहे.

सर्वांत प्रचलित चित्र घेऊ : स्थायू, द्रव व वायू यांच्या तीन चौकटी. पहिलीत गोळे दाटीने, दुसरीत बरेच सुटे, तिसरीत आणखी थोडे सुटे. हे चित्र पाण्याला लावून पाहा. बर्फ पाण्यावर तरंगतो, याचा अर्थ बर्फातली रचनाच पाण्यापेक्षा किंचित विरळ आहे. उलट पाणी उकळून 100 अंश सेल्सिअसला वाफ होते, तेव्हा आकारमान सुमारे 1600 पट वाढते, म्हणून रेणूंमधील सरासरी अंतर सुमारे 12 पट होते. पाण्याच्या चित्रात शेजारच्या दोन रेणूंच्या मध्यांतील अंतर 1 सेंटिमीटर धरले, तर वाफेच्या चित्रात ते 12 सेंटिमीटर हवे. पुस्तकातल्या चौकटीत मग एखादाच रेणू मावेल! द्रव म्हणजे अर्धा रिकामा डबा, हा समज आपणच छापून देतो.

ऑस्ट्रेलियात रॉय टास्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात ‘विसकेम’ या नावाने संगणकावर केलेल्या चित्रफिती या दृष्टीने पुष्कळच उजव्या आहेत. त्यांतले पाणी खरोखर दाटीवाटीचे आहे, रेणू एकमेकांना सतत धक्के देतात आणि मीठ विरघळते तेव्हा सुटे आयन पाण्याच्या रेणूंनी वेढलेले दिसतात. मीठाच्या जोड्या पाण्यात तरंगतात, ही समजूत अशी चित्रफीत एका फटक्यात हलवते.

तरीही कोणत्याही चित्रफितीत तीन तडजोडी असतातच. पहिली, गती प्रचंड मंद केलेली असते. दुसरी, गर्दी कमी केलेली असते. लिटरमागे 0.1 मोल मोरचूद असलेल्या द्रावणात तांब्याच्या एका आयनामागे पाण्याचे सुमारे 550 रेणू असतात, ते सगळे दाखवले तर आयन दिसणारच नाही. तिसरी तडजोड सर्वांत फसवी आहे. कॅमेरा एकाच आयनाच्या मागे जातो, त्यामुळे पाण्याचे रेणू जणू त्याला न्यायलाच आले आहेत असे वाटते. वास्तवात ही दिशाहीन धडपड असते. अगणित धक्के वाया जातात, सुटलेले काही आयन परतही येतात. रेणूंना हेतू नसतो, हे चित्रफीत सांगत नाही. ते शिक्षकाला सांगावे लागते.

आता पुन्हा खिळ्याकडे वळू. योग्य चित्रात सल्फेट आयन सुरुवातीला असतो तसाच शेवटी असतो, तो कोणाचाही हात सोडत वा धरत नाही. लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन धातूतच ठेवून आयनरूपाने पाण्यात उतरतो. तांब्याचा आयन खिळ्याच्या पृष्ठभागावर दोन इलेक्ट्रॉन घेऊन अणू बनतो. इलेक्ट्रॉन धातूतून वाहू शकतात, म्हणून लोखंड जिथून सुटले तिथेच तांबे बसले पाहिजे असे नाही. ‘लोखंड तांब्याला हाकलते’ या आपल्या लाडक्या वाक्यात यातले काहीच येत नाही. आणि हेच चित्र मनात नसेल, तर पुढच्या इयत्तेत विद्युतघट शिकताना विद्यार्थ्याला सारे नव्यानेच पाठ करावे लागते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रयोग दाखवल्यावर लगेच पडदा सुरू करू नये. आधी मुलांना स्वतःचे चित्र काढू द्यावे, मग चित्रफीत दाखवावी, नंतर दोन्हींतला फरक त्यांच्याकडूनच काढून घ्यावा. शेवटी एक प्रश्न अवश्य विचारावा : या चित्रात काय मुद्दाम वगळले आहे, आणि का? पडदा नसेल तेथे फळा आणि खडू पुरतो. वेळ लागेल, हे खरे. पण चुकीचे चित्र कागदावर उतरले तरच ते दुरुस्त करता येते. मनात राहिले तर ते गुणपत्रिकेतही दिसत नाही.