खिळे, फण्या आणि फ्रेंच चष्मे

फ्रेंच 'डिझायनर' फ्रेमबद्दल आपल्याकडे जे काही लिहिले जाते, त्याची सुरुवात बहुधा पॅरिसपासून होते. एखाद्या बड्या फॅशनघराचे नाव, काडीवरची सोनेरी अक्षरे आणि मग किंमत. माझ्या मते या वारशाचा शोध पॅरिसपासून सुरू करण्यातच गफलत आहे. त्यासाठी स्वित्झर्लंडच्या सीमेलगतच्या जुरा डोंगरात जायला हवे.

तिथल्या मोरेझजवळ १७९६ मध्ये पिएर-यासिंत काझो नावाच्या खिळे घडवणाऱ्या कारागिराने तारेची पहिली फ्रेम वळवली, असे परंपरा सांगते. हिवाळा लांबलचक, शेती जेमतेम. त्यामुळे घरोघरी खिळे आणि घड्याळे घडत. तार ओढायला, वाकवायला सरावलेला हात चष्म्याकडे वळला. मोरेझची फ्रेम बारीक आणि हलकी झाली ती या सरावातून. तिचा आराखडा कुणा कलावंताने काढलेला नव्हता.

त्याच डोंगररांगेत दक्षिणेला ओयोना हे गाव. इथला धंदा फण्यांचा: आधी लाकूड आणि शिंग, पुढे सेल्युलॉइड. १९२० च्या दशकात बायकांनी केस आखूड कापायला सुरुवात केली आणि अंबाड्यात खोवायच्या फण्यांना गिऱ्हाईक उरले नाही. कारागिरांकडे पत्रे होते, करवती होत्या, कानशी होत्या. त्यांतून चष्मे होऊ लागले. प्लॅस्टिकचा पत्रा तारेइतका बारीक कापला तर मोडतो, म्हणून तो जाड ठेवावा लागतो. 'फ्रेंच धाटणी' म्हणून मिरवणारा तो ठसठशीतपणा मला तरी आधी या नाइलाजातून आलेला दिसतो. पुढच्यांचे श्रेय असे की त्यांनी जाडी लपवली नाही. ल कॉर्बूझिएचे छायाचित्र आठवा. (पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी याच वास्तुरचनाकाराच्या पॅरिसमधल्या कचेरीत घडले.) डाव्या डोळ्याची दृष्टी गमावलेल्या या माणसाने चेहऱ्यावर दोन जाड काळी वर्तुळे ठेवली आणि चष्मा हीच आपली ओळख केली.

वर धातूची किंवा प्लॅस्टिकची पट्टी आणि खाली काच धरून ठेवणारा नायलॉनचा दोरा, ही आपले चष्मेवाले ज्याला 'सुप्रा' म्हणतात ती फ्रेमही फ्रेंचच. १९५० च्या दशकात एसेल कंपनीने ती 'नायलोर' नावाने आणली. एसेलचे मूळ १८४९ मध्ये पॅरिसमधल्या चष्मे कारागिरांनी काढलेल्या सहकारी संस्थेत आहे. तिच्यावर कुणा फॅशनघराचे नाव नव्हते, म्हणूनच की काय, वारशाच्या गप्पांत ती क्वचितच येते.

आणि ज्यांची नावे येतात त्यांचे काय? दिओरचे नाव मिरवणारे १९७० च्या दशकातले गाजलेले चष्मे ऑस्ट्रियात, ऑप्टिल नावाच्या तिथल्याच प्लॅस्टिकचे, परवान्यावर बनत. आज दिओरचे चष्मे करणाऱ्या कंपनीचा कारखाना इटलीत, लोंगारोने येथे आहे. ते वाईट असतात असे मी म्हणत नाही. कारागिरी उत्तमच असते. पण काडीवरचे नाव वाचून घडणावळीचा वारसा सांगणे म्हणजे साडीच्या खोक्यावरून विणकर ओळखणे.

याला मोठा अपवाद आलाँ मिक्ली. मुळात चष्मेतज्ज्ञ. १९७८ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये स्वतःचे काम सुरू केले. रंगीत अ‍ॅसिटेटचे पातळ पत्रे एकावर एक चिकटवून ते फ्रेम कापत; त्यामुळे रंग वरून न लावता कापलेल्या कडेतच दिसे. ओयोनाच्या पत्र्यावर इतका विचार क्वचितच कुणी केला असेल. त्यांची सगळीच कामे मला पटत नाहीत. २००७ मध्ये कान्ये वेस्टमुळे गाजलेला, काचेऐवजी झडपांच्या पट्ट्या असलेला चष्मा ही नुसती गंमत. त्यातून धड दिसतही नाही. पण पाहायचे ते साहित्याशी त्यांचे वागणे, आणि तिथे ते काझोच्याच कुळातले.

२०१३ मध्ये मिक्लींचा ब्रँड इटलीच्या लक्झॉटिकाने विकत घेतला. २०१८ मध्ये लक्झॉटिका आणि एसिलोर एकत्र आल्या. एसिलोर म्हणजे जुन्या एसेलचीच वारसदार. म्हणजे नायलॉनचा दोरा आणि रंगीत थर आता एकाच मालकाकडे आहेत. त्या कंपनीची नोंदणी मात्र फ्रान्समध्येच आहे.