‘स्मृतिचित्रां’तला भरवसा

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपल्या घरांतून वाचली जातात ती बहुधा हसण्यासाठी. टिळकांचा तापटपणा, त्यांचा विसराळूपणा, नवराबायकोची भांडणे आणि लगोलग होणारा समेट, यांची आठवण निघाली की फराळाची पंगत रंगते. ख्रिस्ती वाचक हेच पुस्तक साक्ष म्हणून वाचतात: देवाने या कुटुंबाला कसे सांभाळले, त्याची. पहिल्यांना त्यातला देव जरा अडचणीचा वाटतो. दुसऱ्यांना त्यातले हसू. मला वाटते, दोघांच्याही हातून काही निसटते. देव सांभाळतो हे म्हणणे एका बाईला किती महागात पडले, आणि तरीही पुढे ते तिचे स्वतःचे म्हणणे कसे झाले, ही या पुस्तकातली खरी गोष्ट आहे.

तिचा आरंभ पाहावा. 1857 च्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली आणि वडिलांच्या मनाने सोवळ्याचा असा काही धसका घेतला की मीठसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत मजल गेली. लक्ष्मीबाई हे सांगताना हसतात, आपणही हसतो. पण त्या घागरी घागरी पाण्याखाली भीती आहे. जगाचा स्पर्श होऊ दिला नाही म्हणजे आपण वाचू, अशी ती समजूत. संरक्षण म्हणजे कुंपण, एवढाच धर्म या मुलीने माहेरी पाहिला.

सासरी याच्या अगदी उलट टोक. नारायण वामन टिळकांना कुंपण म्हणून ठाऊक नव्हते. हातात आलेला पैसा दारात आलेल्या गरजूला द्यावा आणि घरी देव पाहून घेईल म्हणावे, हा त्यांचा खाक्या. ‘देव देईल’ हे दोन शब्द अभंगात फार गोड लागतात. ज्या घरात संध्याकाळी चूल पेटवायची असते तिथे त्यांची चव वेगळी असते. 1895 साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंना सुमारे पाच वर्षे नातलगांच्या आश्रयाने काढावी लागली. नवरा देवाच्या हाती निश्चिंत. बायको लोकांच्या तोंडी.

येथे शुभवर्तमानातला एक प्रसंग आठवतो. सैतान येशूला मंदिराच्या उंच टोकावर नेतो आणि खाली उडी मारायला सुचवतो. आधार म्हणून तो एक्याण्णवाव्या स्तोत्रातले अभयवचनच पुढे करतो: देवदूत तुला वरच्या वर झेलतील. येशू नकार देतो. देवाची परीक्षा पाहायची नाही म्हणतो. संकटात ज्या स्तोत्राचा आधार घ्यायचा, ते सैतानालाही तोंडपाठ असावे, हे बायबलच्या कर्त्यांनी मोठ्या धैर्याने लिहून ठेवले आहे. भरवसा आणि बेफिकिरी यांचे रूप बाहेरून सारखेच दिसते. टिळक हाकेला ओ देत होते की उडी मारीत होते? लक्ष्मीबाई निवाडा देत नाहीत. त्या फक्त घरात काय होते आणि काय नव्हते ते सांगतात, आणि वाचकाला मध्येच हसवून मोकळ्या होतात. हा तटस्थपणा मला कोणत्याही प्रवचनापेक्षा प्रामाणिक वाटतो.

त्यांची स्वतःची श्रद्धा नवऱ्याच्या मागून फरफटत आली, असे समजणारे चुकतात. मनुष्यामनुष्यांतले भेद देवाने केलेले नाहीत, हे त्यांना आधी उमगले. 1900 सालचा बाप्तिस्मा त्यानंतरचा. म्हणजे पहिल्यांदा माहेरचे कुंपण पडले, आणि पडल्यावर आपल्याला काही झाले नाही हे कळले. पुढे नगरकडच्या प्लेगच्या छावणीत ही बाई रोग्यांची शुश्रूषा करताना दिसते. मीठ धुणाऱ्या बापाची ही लेक! देव आपल्याला प्लेग होऊ देणार नाही, असा सौदा तिने केलेला नाही. पोटची लेकरे गमावलेल्या आईला असले सौदे टिकत नाहीत हे पक्के माहीत असते. तरी ती तिथे असते, कारण तिथे आपण एकट्या नाही असे तिला वाटते. ख्रिस्ती धर्मात ‘देव संगती आहे’ याचा अर्थ काय, हे मला ज्या पानांवर समजले ती ही पाने.

टिळकांचे अभंग यानंतर पुन्हा वाचावेत. स्तोत्रांतला मेंढपाळ मराठी मनाला थोडा दूरचा. टिळकांनी ख्रिस्ताला ‘माउली’ म्हटले आणि तो एकदम घरचा झाला. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते म्हणत. पण त्यांचे लेकरू कधीकधी आईच्या कडेवर फारच लवकर निजते, हेही बोलून टाकले पाहिजे. तो गोडवा केव्हा केव्हा पुरेशा रात्री न जागता आलेला वाटतो. ‘अभंगांजली’च्या शेजारी ‘स्मृतिचित्रे’ ठेवली की त्या रात्री कोणी जागवल्या ते दिसते.

1919 साली टिळक गेले. ‘ख्रिस्तायना’चे जेमतेम दहाएक अध्याय लिहून झाले होते. जोडाक्षरांशी जन्मभर झगडलेल्या लक्ष्मीबाईंनी ते काम हाती घेतले आणि साठांहून अधिक अध्याय रचले. 1936 साली त्या वारल्या. ग्रंथ छापून आला तो 1938 साली.