बारा काळांचा तक्ता आणि एक लाल फुली

गोराई गावातल्या आमच्या ओटीवर संध्याकाळी शेजारची तीन-चार मुले इंग्रजीचा अभ्यास घेऊन बसतात. मी शिक्षक नव्हे. दहावीला इंग्रजीतच नापास झालेला माणूस. पुढे जे काही आले ते जुन्या पुस्तकांच्या आधाराने. गेल्या वर्षी एका मुलीच्या वहीत ‘आय हॅव कम यस्टरडे’ या वाक्यावर लाल फुली दिसली. कारण लिहिलेले नव्हते. चाळीस वर्षांपूर्वी माझीही हीच चूक होती. ती का होते, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

‘मी काल आलो आहे’ हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. आपला पूर्ण वर्तमानकाळ ‘काल’ला आपल्या शेजारी बसू देतो. इंग्रजीतला बसू देत नाही. तिथे ‘हॅव’ आले की बोलणाऱ्याची नजर आत्तावर असते. गेलेली वेळ नेमकी सांगायची तर साधा भूतकाळच लागतो. तक्ता मात्र मुलांना सांगतो की दोन्ही काळ एकच. नाव जुळले, वागणूक जुळली नाही.

हा तक्ता तीन काळ गुणिले चार प्रकार असा बाराचा. मराठीच्या शालेय व्याकरणातही चार प्रकार आहेत : साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती. पण चौथ्या घरात घोटाळा आहे. ‘मी शिकत असतो’ ही सवय झाली. इंग्रजीच्या चौथ्या घरातले ‘आय हॅव बीन लर्निंग’ म्हणजे मागे सुरू होऊन आत्तापर्यंत चालत आलेली क्रिया. ती आपण ‘मी दोन वर्षांपासून शिकतो आहे’ अशी सांगतो. म्हणूनच आपली मुले ‘आय अ‍ॅम लर्निंग सिन्स टू इयर्स’ लिहितात. ‘शिकतो आहे’चे ‘अ‍ॅम लर्निंग’ झाले आणि ‘पासून’चे ‘सिन्स’. हा आळस नव्हे, मराठीचा हिशेब आहे.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण छापले तेव्हा त्यांच्यापुढे संस्कृत आणि इंग्रजी दोन्हींचे नमुने होते. नव्या विद्येला चौकट हवी होती, ती त्यांनी दिली. पुढे तर्खडकर याच आडनावाने ओळखल्या जाणाऱ्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. तिचा मोठा गुण असा की ती मुलाला मराठी दाराबाहेर ठेवायला सांगत नाही. भाषांतराच्या या पद्धतीचा दोष एकच : मधले बरोबरीचे चिन्ह.

या चिन्हावरचा उतारा आपल्याच घरात आहे. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त ताख्यात, लाख्यात, ईलाख्यात अशी नावे भेटतात. ती काळावरून नाहीत, प्रत्ययावरून आहेत. त्यांतले शहाणपण रोजच्या बोलण्यात तपासता येते. ‘मी उद्या जातो’ यात रूप वर्तमानाचे, वेळ उद्याची. ‘आलोच!’ म्हणणारा अजून घरातून निघालेलाही नसतो. रूप वेगळे, वेळ वेगळी. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी १९२४ मध्ये इंग्रजीच्या संदर्भात हाच भेद आग्रहाने मांडला. ‘इफ आय न्यू’मध्ये भूतकाळाचे रूप आहे, गेलेली वेळ नाही. आणि प्रत्ययाने किंवा रूप बदलून होणारे काळ पाहू गेले तर इंग्रजीत दोनच : ‘गो’ आणि ‘वेंट’. भविष्यासाठी ‘विल’ उसने घ्यावे लागते.

मग तक्ता फाडावा का? नाही. गो, वेंट, गॉन ही रूपे पाठ केल्यावाचून गत्यंतर नाही. तक्ता रूपे देतो. कोणते रूप केव्हा, हे तो देत नाही. ते शिकवल्याचा भास मात्र देतो, आणि तिथे माझा आक्षेप आहे.

२००० पासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. कारण न सांगता मारलेली फुली सहा वर्षांच्या मुलालाही आता एवढेच शिकवू शकते, की आपली भाषाच आड येते. त्या मुलीला मी दोन वाक्ये करायला सांगितली : एकात ‘हॅव’ ठेव आणि ‘काल’ खोड; दुसऱ्यात ‘काल’ ठेव आणि ‘हॅव’ खोड. तिने ‘आय हॅव कम’ आणि ‘आय केम यस्टरडे’ लिहिले. मग विचारले, “मराठीत दोन्ही चालतं ना?” चालते. हे तिला त्या फुलीशेजारी कुणीतरी लिहून द्यायला हवे होते.