खांब उभा आहे, हात हवेत

मल्लखांबाला प्रतिस्पर्धी लागत नाही, समोर असतो तो लाकडाचा मल्ल. त्यामुळे करोनानंतर सगळ्यांत आधी हाच खेळ सुरू होईल, असं न्यू जर्सीतल्या आपल्यापैकी पुष्कळांना वाटलं होतं. झालं उलटंच. सगळी मुलं त्या एकाच खांबाला मिठी मारतात, घाम आणि एरंडेल तेल एकमेकांत मिसळतं, आणि नवशिक्याच्या पाठीखाली सतत कुणाचा तरी हात लागतो. सहा फुटांवरून अढी, म्हणजे खांबावरची पायांची पकड, शिकवणार कशी?

१६ मार्च २०२० ला राज्यातल्या व्यायामशाळा बंद झाल्या, १ सप्टेंबरला २५ टक्के उपस्थितीच्या अटीवर उघडल्या. पण आपला खांब व्यायामशाळेत होताच कुठे! तो उभा राहायचा शाळेतल्या भाड्याच्या हॉलमध्ये, आणि बाहेरच्यांसाठी ते दार उघडायला आणखी बराच काळ गेला. तोवर झूमवर सूर्यनमस्कार झाले, बैठका झाल्या. मल्लखांबाची दोरी टांगायची म्हणून छतातला वासा शोधत ठोकाठोक करणारे बाबाही पाहिले. खांबाची बैठक लोखंडी, सुटी. म्हणून उन्हाळ्यात तो अंगणात तरी आणता आला. थंडी पडल्यावर एरंडेल घट्ट व्हायचं आणि सराव बंद.

परतलेली मुलं उंच झाली होती, जड झाली होती. वाढलेल्या पायांना जुनी पकड सापडेना. मुली दोरी पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांत धरतात. तिथली कातडी मऊ पडलेली, पहिल्याच दिवशी सोलली. पण कातडी काही आठवड्यांत पुन्हा निबर होते. भीती जायला जास्त वेळ लागला. उलटं लटकताना खाली आपल्याला धरणारं कुणी आहे, हा भरवसा घरी बसून विसरला जातो.

आणि धरणारेही उरले नव्हते. लहानांना सांभाळणारे दादा-ताई मधल्या काळात कॉलेजला निघून गेले. माझ्या मते खरं नुकसान हेच. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला नवा जीव दिला, तेव्हापासून ती मुख्यतः हातातून हातात आली आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली. त्यात अमेरिकेचेही खेळाडू होते. इथल्या मुलांना त्याचं केवढं अप्रूप! त्या उत्साहाला नेमकी वर्षभरात खीळ बसली.

आता गादीशेजारी पालक उभे असतात. कुठे धरायचं, केव्हा सोडायचं, हे प्रशिक्षक आधी त्यांना शिकवतात. एक-दोन आया स्वतःच दोरीवर चढू लागल्या आहेत, त्यांच्या मुलांना याची फार लाज वाटते. तरी हात कमीच पडतात. मदतीला येणाऱ्यांनी जुने कपडे घालून यावं. एरंडेलाचे डाग सहजी जात नाहीत.